बारा गावचं पाणी: आइस हॉकीतला फिरस्ता माइक सिलिंजर

ओहायोकर

शीर्षकातला वाक्प्रचार आज शब्दशः घ्या. बारा म्हणजे बाराच.

गेल्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ओहायोतल्या कोलंबसला आली होती. बाहेर उणे बारा, सोलायचे मटार संपलेले, फोनवर बोलायच्या बहिणीही संपलेल्या. म्हणून तिला आइस हॉकीच्या मॅचला नेलं. इथल्या ब्लू जॅकेट्स संघाने गोल केला की स्टेडियमच्या कोपऱ्यात ठेवलेली तोफ उडवतात, हे तिला सांगायचं राहून गेलं. (अजून ऐकवते.)

शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आईची माफी मागितल्यासारखं केलं, मग कोल सिलिंजर नावाच्या पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्या बापाला मी इथेच खेळताना पाहिलंय." आणि स्वतःच हसले. "तसं काय म्हणा, अर्ध्या अमेरिकेने त्याच्या बापाला आपापल्या गावात पाहिलंय."

घरी येऊन शोधलं आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. त्यातून हा धागा.

माइक सिलिंजर. जन्म १९७१, कॅनडातलं रेजायना. एनएचएल ही आइस हॉकीतली जगातली सगळ्यात मोठी लीग. तिथे तो बारा संघांकडून खेळला आणि हा विक्रम आहे. यादी एका दमात म्हणून बघा: डेट्रॉइट, ॲनाहाइम, व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, टॅम्पा बे, फ्लोरिडा, ओटावा, कोलंबस, फिनिक्स, सेंट लुइस, नॅशव्हिल, न्यूयॉर्क आयलंडर्स. एकूण १०४९ सामने, २४० गोल, ३०८ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेला हात). बाराने भागा, एका संघात सरासरी सत्त्याऐंशी सामने. त्याच्या काळात एनएचएलचा सीझन बहुतेक वर्षं ८२ सामन्यांचा. म्हणजे पेटी उघडली, कपडे कपाटात लावले, आणि पुन्हा पेटी.

पण मला खरी गंमत वाटली ती सुरुवातीची. १९८९ चा ड्राफ्ट. (ड्राफ्ट म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना संघ आळीपाळीने निवडतात. ज्याने निवडलं त्याचा हक्क.) डेट्रॉइटने त्या वर्षी पहिल्यांदा नाव घेतलं ते सिलिंजरचं, एकूण अकरावा. मग तिसऱ्या फेरीत निकलास लिडस्ट्रोम, चौथीत सर्गेई फेदोरोव्ह, अकराव्या फेरीत व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह. हॉकीवाले या ड्राफ्टचं नाव आजही कानाला हात लावून घेतात. लिडस्ट्रोम वीस सीझन, १५६४ सामने फक्त डेट्रॉइटकडून खेळला आणि चार वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. फेदोरोव्ह आणि तो एकाच वर्षी, २०१५ मध्ये, हॉल ऑफ फेममध्ये गेले.

आणि त्या सगळ्यांच्या आधी ज्याचं नाव पुकारलं, त्याला एकही कप नाही, आणि बारा गावं.

हे अपयश म्हणायचं का? मी म्हणतो, नाही. पण का नाही ते मला अजून नीट मांडता येत नाहीये. म्हणून तुमच्यासमोर ठेवतोय.


गंपू

पहिला रुमाल. वाचतोय. मला आइस हॉकीतलं शून्य कळतं, पण 'विक्रम' असा की कुणी ठेवूनच घेतलं नाही, हे वाचून आमच्या वाड्यातल्या भाडेकरूची आठवण झाली.


सुमेधा_व

छान लिहिलंय. तोफेचा किस्सा वाचून मोठ्याने हसले.

एक शंका. डेट्रॉइटने पहिला निवडला तो, मग सोडला का? खेळ उतरला?


ओहायोकर

@सुमेधा, उतरला नाही. जागाच नव्हती.

तो सेंटर खेळायचा, म्हणजे मधला खेळाडू. डेट्रॉइटकडे त्या जागेवर स्टीव्ह आयझरमन आणि फेदोरोव्ह. आयझरमनही जन्मभर एकाच संघात. आता त्या दोघांच्या मागे तिसरा-चौथा उभा राहा. सिलिंजरची उंची बेताची, अंग दणकट, आणि वय वाढतंय. मधल्या काळात त्यांच्या दुय्यम संघात, ॲडिरॉन्डॅकला, जा-ये चालूच होती. शेवटी एप्रिल १९९५ मध्ये त्याला ट्रेड करून ॲनाहाइमला पाठवलं. बदल्यात जे आले त्यात स्टू ग्रिमसन होता, त्याचं मुख्य काम मारामारी करणं. (होय, तेव्हा असं पद होतं. त्यावर वेगळा धागा होईल.)

दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, डेट्रॉइटने कप जिंकला. १९९८ ला पुन्हा.


तांबडा रस्सा

लै भारी धागा. पण मला सांगा, ही 'ट्रेड' भानगड नक्की काय? आयपीएलसारखा लिलाव?


ओहायोकर

लिलाव नाही. लिलावात निदान खेळाडू नाव देतो, किंमत लागते, टाळ्या पडतात. इथे दोन संघांचे मॅनेजर फोनवर बोलतात. 'तू मला हा दे, मी तुला तो देतो, वर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली एक निवड.' ठरलं की खेळाडूला फोन. बहुतेकांना 'नाही' म्हणता येत नाही. करारात नकाराधिकाराचं कलम असलं तरच, आणि ते कलम मोठ्यांना मिळतं.

दर सीझनच्या शेवटाकडे, साधारण मार्चच्या आसपास, ट्रेडची शेवटची तारीख असते. ज्यांना कप जिंकायची आशा आहे ते तेव्हा कामाची माणसं गोळा करतात. ज्यांची आशा संपली ते विकतात. तीन महिन्यांपुरत्या घेतलेल्या खेळाडूला तिकडे सरळ भाड्याचा खेळाडू म्हणतात. सिलिंजरच्या बदल्यांच्या तारखा पाहा: मार्च ९६, मार्च २०००, मार्च २००४. त्या घरात मार्च महिन्यात फोन वाजला की काय होत असेल!

सगळ्यात कहर २२ जुलै २००३. कोलंबसने त्याला डॅलसला दिलं, बदल्यात डॅरिल सायडोर घेतला. आणि त्याच दिवशी डॅलसने त्याला फिनिक्सला दिलं, बदल्यात टेप्पो नुम्मिनेन. डॅलसच्या जर्सीची घडीही मोडली नाही. म्हणून डॅलस त्या बारांत मोजत नाहीत, नाहीतर तेरा झाले असते.


वाकडी_वाट

बारा पिंपळावरचा मुंज्या.


कोकणकडा

@तांबडा रस्सा, आयपीएलमध्ये असा एक आहे की. ॲरन फिंच, नऊ संघ. राजस्थान, दिल्ली, पुणे वॉरियर्स, हैदराबाद, मुंबई, गुजरात लायन्स, पंजाब, बंगलोर, कोलकाता. ऑस्ट्रेलियाचा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन, पण आयपीएलमध्ये कायम पाहुणा. म्हणजे माणूस लहान म्हणून फिरतो असंही नाही.


तांबडा रस्सा

पण आयपीएल दोन महिन्यांची. दोन महिने कुठल्याही हॉटेलात काढता येतात. हे तर घरदार उचलायचं.


मोडक आजोबा

मी सहसा लिहीत नाही, पण या धाग्यावर राहवलं नाही.

माझी बत्तीस वर्षांची नोकरी बँकेत, सगळी बदलीची. बँकेचं नाव नको. लातूर, परभणी, चिपळूण, मधे दोन वर्षं इंदूर, मग सांगली, नंदुरबार, शेवटी ठाणे. आमच्याकडे लाकडाची दोन खोकी होती, त्यांवर मी रंगाने नाव घातलं होतं. प्रत्येक गावाला खोडून पुढचं गाव. शेवटी खोक्यावर इतका रंग झाला की लाकूड दिसेना. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं.

तर ओहायोकर, तुम्ही विचारता अपयश म्हणायचं का. आमच्या शाखेत एक गोष्ट मी पाहिली. ज्याच्या सारख्या बदल्या व्हायच्या, तो दोन प्रकारचा असायचा. एक, जो कुठल्याच साहेबाला नको. दुसरा, ज्याला कुठेही टाका, तिसऱ्या दिवशी कॅश जुळवून देतो. वरून दोघे सारखेच दिसतात, दोघांच्या सर्व्हिस बुकात तितकीच गावं. फरक एकाच गोष्टीत. पहिल्याची बदली होते तेव्हा जुनी शाखा पेढे वाटते. दुसऱ्याची होते तेव्हा नवी शाखा वाटते.

तुमच्या सिलिंजरसाठी पेढे कुणी वाटले, ते पाहा.


ओहायोकर

आजोबा, नमस्कार. मला जे मांडता येत नव्हतं ते तुम्ही दोन खोक्यांत बसवलंत.

पेढे नव्या गावात. पुरावा देतो.

हॉकीत प्रत्येक खेळ पुन्हा सुरू होतो तो फेसऑफने. पंच दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकतो (पक म्हणजे रबराची चकती, आपल्या कॅरमच्या स्ट्रायकरची आडदांड भावंडं), ज्याने ओढली त्याच्या संघाकडे ताबा. सामन्यात असे पन्नास-साठ फेसऑफ होतात. सिलिंजर त्यात वस्ताद. दुसरं, पेनल्टी किल. एखाद्याला शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसवलं की चार जणांनी पाच जणांना रोखायचं. बर्फावर आडवं पडून, ताशी शंभर मैलांच्या वेगाने येणारी पक पायावर झेलायची. हे काम कुणाला आवडत नाही आणि प्रत्येक संघाला हवं असतं. एक पाळी पाऊण मिनिटाची, पण त्या पाऊण मिनिटात जीव जातो.

हे कौशल्य कुठल्याही गावात तसंच चालतं. स्टार खेळाडू आणला तर सगळी रचना त्याच्याभोवती करावी लागते. याला आणलं की त्याच संध्याकाळी दारापाशी उभा.

आणि बघा, तो उतरत गेला नाही. २००५-०६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याने आयुष्यातले सर्वाधिक बत्तीस गोल केले. त्यातले बावीस सेंट लुइससाठी, दहा नॅशव्हिलसाठी, कारण जानेवारीत पुन्हा बदली! पुढच्या वर्षी आयलंडर्सने स्वतःहून करार करून नेला, तिथे सव्वीस गोल. मग कंबरेच्या सांध्याने दगा दिला. हजारावा सामना मात्र त्याने तिथेच, २००७-०८ मध्ये, खेळून घेतला. हजार झाले की चांदीची हॉकी स्टिक देतात. २००९ च्या ऑगस्टमध्ये थांबला.


सुमेधा_व

मोडक काका, किती सुंदर लिहिलंत. तुम्ही लिहीत जा हो.

पण मी दुसऱ्या बाजूने लिहिणार. मी त्या खोक्यांबरोबर फिरलेली मुलगी आहे. (तुमची नाही, दुसऱ्या बदलीवाल्यांची!) दहावीपर्यंत सहा शाळा. प्रत्येक शाळेत पहिल्या दिवशी मागच्या बाकावर एकटी, प्रत्येक शाळेत कविता वेगळ्या पाठ. सातवीत मी मैत्रिणी करणंच सोडलं होतं. म्हटलं मार्च-एप्रिलमध्ये ऑर्डर येईलच. बाबांना नव्या शाखेत पेढे मिळायचे, आईला आणि आम्हाला नवा गॅस नंबर मिळायचा.

तुमचा तो बर्फावरचा गडी ग्रेट असेल. त्याच्या बायकोचे विक्रम कुणी मोजले का?


मोडक आजोबा

सुमेधाताई, खरं आहे. आमच्या थोरल्यानेही हेच ऐकवलंय. मी काही बोललो नाही तेव्हा, आताही बोलत नाही.


गंपू

मगाशी भाडेकरूची चेष्टा केली, ती मागे घेतो.


बर्फगोळा

टोरांटोहून. धागा इतका छान चाललाय आणि कुणी मॅनी मल्होत्राचं नाव काढलं नाही?

मॅनी मल्होत्रा, जन्म मिसिसागा, वडील भारतीय, आई क्वेबेकची. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर घेतला. अपेक्षा होती मोठा गोल करणारा होईल. झाला नाही. सात संघ फिरला: रेंजर्स, डॅलस, कोलंबस, सॅन होजे, व्हँकुव्हर, कॅरोलिना, माँट्रियल. हाही सेंटर, हाही फेसऑफचा बादशहा, हाही पेनल्टी किलवाला. ओहायोकर, तुमच्या कोलंबसमध्ये तो पाच सीझन होता.

१६ मार्च २०११, व्हँकुव्हरकडून खेळताना पक थेट डाव्या डोळ्यावर. अनेक ऑपरेशन्स. दृष्टी पूर्ण परत आली नाही. त्या वर्षी व्हँकुव्हर फायनलला पोहोचलं आणि जूनमध्ये फायनलच्या दुसऱ्या सामन्यात हा बर्फावर उतरला. फेसऑफ घ्यायला गेला तेव्हा स्टेडियम उठून उभं राहिलं. मी घरी टीव्हीसमोर होतो, वरणभाताचं ताट हातात, आणि मीही उभा राहिलो. तो पंजाबी, मी कऱ्हाडचा, पण त्या क्षणी आपला.

पुढे व्हँकुव्हरने डोळ्यामुळे त्याला खेळवणं थांबवलं. आता बघा. २०१३ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, इतकी वर्षं वर खेळलेला माणूस खालच्या लीगमध्ये शार्लटला गेला. तिथून कॅरोलिनाने त्याला पुन्हा वर घेतला आणि तो उरलेला सीझन खेळला. एकूण ९९१ सामने. चांदीच्या स्टिकसाठी नऊ कमी. हे नऊ माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता तो कोच आहे. २०२५ मध्ये त्याच्या ॲबट्सफर्डने खालच्या लीगचा सगळ्यात मोठा कप, काल्डर कप, जिंकला. फायनल कुणाशी? शार्लटशी.


कोकणकडा

नऊ सामने! अरेरे. कुणीतरी भाड्याने घ्यायचा होता की नऊ सामन्यांसाठी.


ओहायोकर

@बर्फगोळा, मस्त. काल्डर कप आणि शार्लटचा धागा मला माहीतच नव्हता.

खालच्या लीगचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, कारण फिरस्त्यांची खरी पंढरी तिथे आहे. सिलिंजर-मल्होत्रा हे फिरस्त्यांतले श्रीमंत. एनएचएलच्या खाली एएचएल. प्रत्येक एनएचएल संघाचा तिथे एक जोडसंघ. त्याच्या खाली ईसीएचएल, तिथे पगार आठवड्यावर आणि राहायची सोय क्लबने केलेली, दोघातिघांत एक घर. एएचएलमध्ये शुक्रवार-शनिवार-रविवार सलग तीन सामने, मधे बसचा प्रवास. बसमध्ये झोपायला कुठली जागा कुणाची, हे ज्येष्ठतेने ठरतं. आपल्या एसटीत रुमाल टाकतात तसं नाही, तिथे मुळीच चालत नाही.

करार दुहेरी असतो. वर खेळलास तर एक पगार, खाली खेळलास तर त्याच्या कितीतरी पट कमी. एनएचएलचा किमान पगार २०२५-२६ च्या सीझनमध्ये वर्षाला ७,७५,००० डॉलर होता. त्यामुळे वरून फोन आला, चार दिवस खेळला, परत खाली पाठवला, हे चार दिवस महिन्याच्या हिशोबावर दिसतात.

आणि अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी 'वेव्हर्स'वर टाकावं लागतं. म्हणजे चोवीस तास दुकानाच्या फळीवर ठेवायचं. बाकीच्या संघांपैकी कुणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा. कुणी नाही घेतला तर खाली. ते चोवीस तास कसे जात असतील? एक तर नवं गाव, नाहीतर सगळ्या लीगने सांगितलं की नको.


बर्फगोळा

त्या पायरीवरचा आपला माणूस म्हणजे रॉबिन बावा. एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला. ब्रिटिश कोलंबियातलं छोटं गाव. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून पहिला सामना. मग व्हँकुव्हर, सॅन होजे, ॲनाहाइम. चार संघ, आणि सगळे मिळून सामने किती? ६१. गोल सहा. बाकीचं सगळं आयुष्य बॉल्टिमोर, फोर्ट वेन अशा गावांत, बसने.

सिलिंजरला बारा गावं मिळून हजार सामने. बावाला एकसष्ट सामन्यांसाठी त्याहून कमी गावं लागली नसतील. आता मोडक काकांच्या पेढ्यांचा हिशोब इथे कसा लावायचा?


मोडक आजोबा

इथे पेढे घरच्यांनी वाटायचे. पहिला होता ना.


तांबडा रस्सा

_/\_


श्री. तिरपागडे

अवांतर करतोय, हलके घ्या. एक निरीक्षण: सिलिंजर जिथून निघाला तिथे कप. डेट्रॉइट सोडलं, डेट्रॉइट जिंकलं. टॅम्पा सोडलं २००० ला, २००४ ला टॅम्पा जिंकलं. ॲनाहाइम २००७. सेंट लुइस २०१९. फ्लोरिडा २०२४ आणि २०२५. माणूस आहे की साडेसाती? संघांनी याला घ्यावं आणि लगेच द्यावं, यासाठीच तर मागणी नव्हती ना?


ओहायोकर

तिरपागडे, तुमची थिअरी उत्तम आहे, फक्त अर्धी यादी तुम्ही हळूच गिळलीत. व्हँकुव्हर, नॅशव्हिल, आत्ताचं ओटावा आणि माझं बिचारं कोलंबस, यांनी आजवर कप उचललेला नाही. फिलाडेल्फियाचा शेवटचा १९७५ चा. आयलंडर्सचा १९८३ चा. आणि फिनिक्स? तो संघच २०२४ मध्ये गाव सोडून सॉल्ट लेक सिटीला गेला. सिलिंजर राहिला असता तर त्याला घेऊन गेला असता.


श्री. तिरपागडे

यादी गिळायची माझी सवय जुनी आहे. मागे एका मित्राचं उधारीचं पान गिळलं होतं.


चकली२०११

उशिरा आले. सगळा धागा एका बैठकीत वाचला, पोळ्या करपल्या.

जॉन स्कॉट कुणी लिहिला नाही म्हणून. हा अगदी दुसऱ्या टोकाचा. सहा फूट आठ इंच, काम फक्त भांडणं. २८६ सामन्यांत पाच गोल. पाच! सात संघ फिरला. २०१६ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी (लीगमधल्या निवडक खेळाडूंची प्रदर्शनी लढत) लोकांनी इंटरनेटवर चेष्टेने त्याला भरभरून मतं दिली आणि तो कॅप्टन म्हणून निवडून आला. लीगची पंचाईत. तेवढ्यात ॲरिझोनाने त्याला माँट्रियलला ट्रेड केला आणि माँट्रियलने खालच्या लीगमध्ये, थेट न्यूफाउंडलंडला. लोक चिडले. शेवटी लीगने खेळू दिलं. नॅशव्हिलला सामना झाला, त्याने दोन गोल केले, त्याच्या संघाने स्पर्धा जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच. सहकाऱ्यांनी खांद्यावर उचललं. इतकं वजन!

माझा नवरा म्हणतो, हे पिक्चरमध्ये दाखवलं असतं तर मी 'काहीही' म्हणून उठलो असतो.


कोकणकडा

मी २०१९ च्या जानेवारीत लेहला गेलो होतो, चादर ट्रेकच्या निमित्ताने. लेहमध्ये करझूच्या तळ्यावर पोरं आइस हॉकी खेळताना पाहिली. उणे वीस. तेव्हा तिथे कृत्रिम रिंक नव्हती, नैसर्गिक बर्फ, म्हणजे सीझन जेमतेम दोन महिन्यांचा. काठावर उभं राहून बघणाऱ्यांत आजी-आजोबाही होते, हातात लोण्याचा चहा. लडाख स्काउट्स आणि आयटीबीपीचे संघ आपल्याकडचे दादा. आणि २०२५ मध्ये आपल्या मुलींनी अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ मिळवलं, त्या बहुतेक सगळ्या तिकडच्याच.

मुद्दा असा की तिथे हॉकीपटूला फिरावं लागतं ते बर्फाच्या मागे. बर्फ वितळला की खेळ संपला.


सुमेधा_व

वा, हे नव्हतं माहीत. कोकणकडा, फोटो असतील तर टाका ना.

ओहायोकर, माझा प्रश्न तसाच राहिला. मुलांचं काय झालं?


ओहायोकर

@सुमेधा, तुमचा प्रश्न टाळला नव्हता, नीट वाचून लिहायचं होतं.

बायकोचे विक्रम कुठे मोजलेले सापडले नाहीत. तुमचा टोला योग्य आहे. त्याच्या १०४९ सामन्यांचा प्रत्येक तपशील मिळतो. त्या काळात घर किती वेळा बांधलं, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

मुलगे तीन. तिघेही हॉकीत. धाकटा कोल. सिलिंजर कोलंबसमध्ये दोन सीझन होता, त्या मुक्कामाच्या शेवटी, १६ मे २००३ ला, कोलचा जन्म इथेच कोलंबसला झाला. दोन महिन्यांनी ती डॅलस-फिनिक्सची एका दिवसातली डबल बदली. म्हणजे पोराची पहिली बदली दोन महिन्यांचा असताना.

आता पुढचं. २०२१ चा ड्राफ्ट. कोलंबसकडे बाराव्या क्रमांकाची निवड नव्हती. ड्राफ्टच्याच दिवशी त्यांनी आपला मोठा बचावपटू सेथ जोन्स शिकागोला ट्रेड केला आणि बदल्यात जे मिळालं त्यात बारावी निवड होती. त्या निवडीवर त्यांनी कोल सिलिंजरचं नाव घेतलं. बाप बारा संघांचा, पोरगा बारावा, आणि ती जागासुद्धा ट्रेडमधून आलेली. अठराव्या वर्षीच तो वरच्या संघात खेळू लागला आणि पहिल्या सीझनला सोळा गोल केले. माझ्या आईने पाहिला तो हाच, त्याच गावात, जिथे त्याचा पाळणा हलला.

माइक स्वतः निवृत्तीनंतर एडमंटनच्या संघात पोरांना घडवायच्या कामावर गेला. तेरावं गाव म्हणायला हरकत नाही, पण खेळायला नाही, म्हणून मोजत नाही.


सुमेधा_व

पोरगा जन्मगावी परत आला म्हणजे. हे मला आवडलं.

मी लग्नानंतर पहिली अट घातली होती की बदलीची नोकरी नको. नवरा सतरा वर्षं एकाच ऑफिसात आहे, आता तोच म्हणतो कंटाळा आला. काय करायचं सांगा.


वाकडी_वाट

ट्रेड डेडलाइन मार्चमध्ये असते.


सुमेधा_व

😂😂 बदल्यात काय मिळेल ते आधी बघते.


मोडक आजोबा

ओहायोकर, एकच विचारायचं राहिलं. आईसाहेब पुन्हा गेल्या का मॅचला?


ओहायोकर

गेल्या ना, आजोबा. फेब्रुवारीत. पर्समधून कापूस काढला, दोन्ही कानांत घातला आणि शेजारच्या त्या गृहस्थांनाही एक बोळा दिला. त्यांनी घेतला.

त्या दिवशी कोलंबसचा एकही गोल झाला नाही.